दोन डोलांची गुराब : एका लांकडी प्रतिकृतीच्या निमित्तानें

जुन्या कागदांत ज्या वस्तूंचीं नांवें येतात त्यांपैकीं बहुतेकांचा एखादा तरी नमुना कोठें ना कोठें पाहावयास सांपडतो. पट्टा, जंबिया, दौत, पालखीचा दांडा, तोफेचा गाडा हीं सर्व संग्रहांत ठेवलेलीं आहेत. आरमाराची गोष्ट तशी नाहीं. मुंबईच्या गोदींत वाडियांनीं १८१७ सालीं सागवानांत बांधलेलें त्रिंकोमाली नांवाचें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे. परंतु त्याच किनाऱ्यावर, त्याच लांकडांत बांधलेल्या मराठ्यांच्या गुराबांपैकीं एकहि आज पाण्यावर किंवा कोरड्यावर उभी नाहीं. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्गावर मारा केला तेव्हां तुळाजी आंगऱ्यांचें आरमार किल्ल्याच्या आश्रयास जवळजवळ बांधलेलें होतें. एका जहाजावर गोळा पडून तें पेटलें आणि आग एकापासून दुसऱ्यास लागत जाऊन सारा काफिला जळाला. त्या वेळीं जमिनीच्या बाजूनें पेशव्यांचीच फौज वेढा देऊन बसली होती, हें आठवलें म्हणजे लेखणी क्षणभर थबकते. असो. पुढें पेशव्यांचें आरमार धुळपांच्या हाताखालीं नांवारूपास आलें, १७८३ च्या एप्रिलांत आनंदराव धुळपांनीं इंग्रजांचें रेंजर हें जहाज लढून घेतलें. पण त्या गलबतांचींहि आतां नांवेंच उरलीं आहेत.

प्रस्तुत लेखक चिंचवड येथें पवनेच्या कांठापासून फार दूर नाहीं अशा ठिकाणीं राहतो. पोथ्या व दफ्तरें जमविणें हा त्याचा जुना छंद. सुतारकामाशीं त्याचा संबंध खिळा ठोकण्यापलीकडे कधीं आला नव्हता. एके दिवशीं घरीं जमलेल्या चारसहा मंडळींपुढें सभासदाच्या बखरींतील आरमाराचा भाग तो वाचून दाखवीत होता. गुराबा, तरांडीं, तारवें, गलबतें, शिबाडें, पगार अशीं नांवें वाचून झाल्यावर एका श्रोत्यानें सहज विचारलें, "गुराब म्हणजे नेमकी कशी? तिची नाळ कशी होती? पाण्याखालचा भाग गोल कीं निमुळता?" हे गृहस्थ पिंपरीच्या एका ओतकाम कारखान्यांत लांकडी पॅटर्न करण्याच्या कामांत सारा जन्म घालवून निवृत्त झालेले. वस्तु कशी दिसते एवढ्यानें त्यांचें समाधान होत नाहीं. ती कोणत्या बाजूनें कापली असतां कशी दिसेल हें त्यांस हवें असतें. लेखकानें गुराब हा शब्द तीस वर्षें वाचला होता, लोकांस वाचून दाखविला होता, क्वचित् त्यावर टीपहि लिहिली होती. तरी या प्रश्नांचें उत्तर त्यास देतां आलें नाहीं. आपण एका शब्दाचे रखवालदार होतों, वस्तूची आपणांस ओळखच नव्हती, ही जाणीव सुखाची नव्हती. त्याच रात्रीं गुराबेची प्रतिकृति स्वतः करून पाहण्याचा निश्चय झाला.

समुद्रापासून इतक्या आंत, मोटारींच्या कारखान्यांच्या धुरांत बसून जहाज बांधण्याची कल्पना कांहीं मित्रांस हास्यास्पद वाटली. त्यांस इतकेंच सांगावयाचें कीं, चाकण व समुद्र यांचा संबंध आम्ही समजतों त्याहून जुना आहे. बहामनी सरदार मलिक-उत्-तुजार यानें १४५३ च्या सुमारास कोंकण जिंकण्यासाठीं ठाणें केलें तें चाकणास. तेथूनच निघून तो शिर्क्यांच्या व खेळण्याच्या शंकररायाच्या जंगलांत शिरला आणि फौजेसह तेथेंच संपला. पुढें महमूद गावानाच्या स्वारीचा प्रसंग सांगतांना फिरिश्ता खेळणेंकराच्या पदरीं ३०० जहाजें असल्याचें लिहितो. आंकडा फुगविलेला असूं शकेल. परंतु घाटावरच्या चाकणाची सत्ता किनाऱ्यावरील नौकांनीं बेजार केली होती, एवढें त्यांतून निश्चित दिसतें. १६६० सालीं शाएस्ताखानास सुमारें पंचावन्न दिवस थोपवून धरणारा फिरंगोजी नरसाळ्याचा चाकणचा किल्ला आम्हां सर्वांस ठाऊक आहे. तो लढण्यापूर्वींच कल्याणच्या खाडींत शिवाजी महाराजांचीं पहिलीं जहाजें तयार होऊं लागलीं होतीं, हें मात्र चाकणचा इतिहास लिहिणारे सांगावयास विसरतात.

आतां साधनांकडे वळूं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील आरमाराचें प्रकरण वाचकांच्या परिचयाचें आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानहि नकोत, मध्यम बांधणीच्या असाव्या. जीं मोठीं जहाजें वाऱ्यावांचून हलूंच शकत नाहींत तीं बांधण्याचें कारण नाहीं. पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा करावा, असा त्याचा आशय. यांत राज्यनीति पूर्ण आहे, माप मात्र एकहि नाहीं. अमात्यांस तें लिहिण्याची गरज नव्हती. वाढई आपलें माप जाणत होता. आकाराविषयीं उपयोगी वर्णन सांपडतें तें रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराच्या १७६३ च्या ग्रंथांत. त्याच्या सांगण्याचा सारांश असा : गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित् तीन, तीन डोलांची सुमारें ३०० टनांची, दोन डोलांची १५० टनांच्या आंतली. लांबीच्या मानानें रुंदी पुष्कळ, पाण्यांत बुडणारा भाग थोडा. पुढचें अंग मध्यापासून निमुळतें होत जाऊन भूमध्यसमुद्रांतील गॅली नौकांसारखी लांब नाळ पुढें आलेली. या नाळेवर भक्कम फळ्यांचा तक्ता, मुख्य तक्त्याच्याच पातळींत. दोहोंच्या मध्यें एक आडवी भिंत. त्या भिंतीच्या झरोक्यांतून नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा समोर, नाळेवरून मारा करणार. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, नाळेच्या तक्त्यास कठडा नाहीं. समोरच्या लाटेचें पाणी वर आलें तरी तें दोन्ही अंगांनीं वाहून जावें म्हणून तो उघडाच ठेवलेला.

गुराब हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ कावळा, हें कोशकार सांगतात. नाळेची लांब चोंच डोळ्यांपुढें आणली म्हणजे नांव सार्थ वाटतें.

भोजाच्या नांवावर असलेल्या युक्तिकल्पतरूंत नौकांचीं मापें दिलीं आहेत व राधाकुमुद मुकर्जी यांनीं १९१२ च्या आपल्या ग्रंथांत तीं प्रसिद्धीस आणलीं. आमच्या कित्येक लेखकांस या कोष्टकाचा मोठा अभिमान. लेखकासहि होता. म्हणून त्यानें आरंभीं मध्यमा नौकेचीं २४ लांबी, १२ रुंदी, ८ उंची हीं मापें घेऊन पुठ्ठ्याचा नमुना केला. जी वस्तु तयार झाली ती पाहून घरच्या मंडळींनीं ती परात आहे कीं कुंडी अशी चौकशी केली. क्षुद्रेचें १६, ४, ४ हें माप नौकेच्या जवळ येतें, पण भीमेपासून पुढें रुंदी व उंची सारखी आणि लांबी दुप्पट, असे पेटाऱ्यासारखे आंकडे लागतात. तें कोष्टक शुभाशुभ फलें सांगण्याच्या परंपरेंतलें असावें. गोदींत उभें राहून लिहिलेलें तें नव्हे. यावर कोणी रागावेल तर त्यानें कात्री व पुठ्ठा घेऊन स्वतः पाहावें.

तेव्हां ऑर्मच्या टनांवरून लांबीरुंदी काढण्याचा मार्ग उरला. अठराव्या शतकांतील इंग्रजी रीतीनें जहाजाचे टन असे मोजीत : लांबींतून रुंदीचे तीनपंचमांश वजा करावे, बाकीस रुंदीनें व पुन्हां रुंदीच्या अर्ध्यानें गुणावें आणि ९४ नें भागावें. १७७३ च्या कायद्यानें ही रीति पक्की झाली. तत्पूर्वींहि तिच्याच धर्तीचे हिशेब चालत. आतां गुराबेची लांबी रुंदीच्या तिप्पट धरली तर १५० टनांस रुंदी सुमारें २२.७ फूट व लांबी ६८ फूट येते. साडेतीनपट धरली तर रुंदी २१.३ व लांबी ७५ फूट. चौपट धरली तर रुंदी २०.२ व लांबी ८१ फूट. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, प्रमाण बरेंच बदललें तरी रुंदी वीस ते तेवीस फुटांच्या बाहेर जात नाहीं. मध्यम प्रमाण साडेतीनपट धरून, पाव इंचास एक फूट या मानानें, पावणेएकोणीस इंच लांब व सव्वापांच इंचांहून किंचित् अधिक रुंद अशी प्रतिकृति ठरविली. नाळ याच्या पुढें निराळी.

पहिला प्रयत्न सर्वस्वीं फसला. चाकणच्या कारखान्यांस परदेशांतून येणारे यंत्रांचे भाग पाइनच्या पेट्यांत येतात आणि त्या मोडल्यावर फळ्या वजनावर विकतात. लेखकानें त्या आणून, एकावर एक थर चिकटवून, त्या ठोकळ्यांतून पटाशीनें जहाज कोरलें. आकार घेतला एका रंगीत छापील चित्रावरून. चित्रांत नाळेस कोरीव कठडा होता, टोंकास उंच घोड्याचें मुख होतें आणि पिछाडी युरोपीय गलबतासारखी तीन मजली. जून महिना लागतांच थरांचे सांधे सुटले व पठाणाचें लांकूड केळ्यासारखें वांकलें. मोडणाऱ्या जहाजाकडे पाहतांना पॅटर्नवाले गृहस्थ इतकेंच म्हणाले, "लांकडाचे तंतु कोणीकडे चालले आहेत हें न बघतां तुम्ही त्यास हुकूम दिलात." कागदाच्या बाबतींत हीच चूक करणाऱ्यांस लेखकानें पूर्वीं पुष्कळदां झोडपलें होतें.

दुसऱ्या वेळीं त्यांनीं शिस्त घालून दिली. आधीं बाजूची, वरची व आडव्या छेदांची अशा तीन रेखा कागदावर. त्या एकमेकींशीं जुळल्याखेरीज करवतीस हात लावावयाचा नाहीं. बाजूच्या रेखेंत एखाद्या ठिकाणीं जी उंची येते तीच आडव्या छेदांतहि आली पाहिजे. तशी येईपर्यंत खोडरबर व पेन्सिल. या जुळवाजुळवींत दोन महिने गेले. नवशिक्यानें मनांत बाळगण्यासारखी गोष्ट ही कीं, जहाज खरोखर येथेंच बांधलें जातें; पुढें लांकडांत त्याची केवळ नक्कल होते. मग छेदांचे पुठ्ठ्याचे फर्मे कापले आणि त्यांवरून वांक केले.

येथें एक चमत्कारिक घोटाळा झाला तो सांगितला पाहिजे. कामास घेतलेली पोलादी पट्टी त्या गृहस्थांच्या पेटींतली होती. ओतीव लोखंड निवतांना आकसतें म्हणून पॅटर्न करणारे जी पट्टी वापरतात तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून अष्टमांश इंच मोठा असतो. लेखकास याची वार्ता नव्हती. पठाण, वांक, नाळ सर्व त्या पट्टीनें मापलें. तक्ता मात्र घरच्या साध्या पट्टीनें कापला. तक्ता बसवूं गेलों तों तो जवळजवळ पाव इंच आंखूड! जहाजाच्या मानानें हा फरक नऊ इंचांचा. प्रथम वाटलें करवत चुकली. सबंध दिवस सांधे तपासण्यांत गेला. शेवटीं दोन्ही पट्ट्या शेजारीं ठेवल्या तेव्हां उलगडा झाला. दोन्ही पट्ट्या प्रामाणिक होत्या, दोहोंवर फूट हेंच नांव होतें. आमच्या दफ्तरांतील चोवीस तसूंचा गज कापडाचा कीं इमारतीचा, कोणत्या गांवचा, हें न पाहतां त्याचे फूट करून छापणाऱ्यांत लेखकाचाहि हात आहे. त्या जुन्या टिपणांपैकीं दोन त्यानें यानंतर स्वतः रद्द केलीं.

लांकडाविषयीं थोडें. खऱ्या गुराबेस सागवान; प्रतिकृतीस मात्र तें सर्वत्र चालत नाहीं. सागाचा रवा जाड, लहान मानांत तो फळीवर ओरखड्यांसारखा दिसतो. शिवाय त्यांत तेलाचा अंश असल्यामुळें सरस नीट धरत नाहीं, आधीं ॲसिटोननें पुसून घ्यावें लागतें. म्हणून चाकणकडील एका मोडलेल्या वाड्याच्या तुळईचा तुकडा पठाणासाठीं वापरला आणि फळ्यांसाठीं हेद घेतला. हेदाचा रवा बारीक, रंग पिवळसर, आणि गरम पाण्यांत भिजवून तापल्या नळीवर वळविला असतां तो कुरकुर न करतां वळतो. वांकांसाठीं गोदींतले सुतार मुळांतच वांकडीं वाढलेलीं लांकडें शोधीत, कारण सरळ लांकूड कापून केलेला वांक तंतु तुटून मोडतो. लेखकानें परसांतल्या पेरूच्या वांकड्या फांद्या सावलींत सुकवून त्याच न्यायानें वापरल्या. छेदाच्या फर्म्याशीं जुळणारी फांदी हुडकण्यांत जी मौज आहे ती विकतच्या पट्ट्यांत नाहीं. वखारवाल्यानें सर्वांत स्वस्त म्हणून आंब्याच्या फळ्या पुढें केल्या होत्या. आंबा व फणस हीं झाडें आरमाराच्या कामाचीं असलीं तरी रयतेनें तीं लेंकरासारखीं वाढविलेलीं असतात, यास्तव त्यांस हात लावूं नये, फारच जीर्ण झाड असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें, ही अमात्यांची आज्ञा आठवून त्या परत केल्या. यांत भावनेचा भाग आहे, संशोधनाचा नाहीं, हें कबूल.

फळ्या जोडण्याची पश्चिम किनाऱ्यावरची जुनी पद्धति युरोपीय पद्धतीहून निराळी. युरोपांत फळीस फळी नुसती भिडवून फटींत ताग व डामर ठोकीत. आमच्याकडे फळीच्या कडेस खांच पाडून दुसरीची कड तींत बसवीत आणि मध्यें राळेंत भिजविलेला कापूस घालीत. दीड मिलिमीटर जाडीच्या फळीस खांच पाडणें लेखकाच्या शक्तीबाहेरचें होतें. खालच्या चार फळ्यांस ती कशीबशी पाडली आणि तेवढ्यावरून एक गोष्ट कळली : या जोडणींत फळ्यांचें कवच स्वतःच इतकें घट्ट होतें कीं, वांक मागाहून घातले तरी आकार ढळत नाहीं. लहान बंदरांत, कागदी रेखांवांचून, केवळ नजरेच्या मापानें मोठीं तारवें कशीं बांधलीं जात याचा कांहींसा अंदाज त्यावरून येतो.

आतां मुख्य मुद्द्यावर येऊं. ऑर्मच्या वर्णनांतील निमुळतेपणावर भर देऊन आजवर जीं चित्रें व प्रतिकृति झाल्या त्यांत गुराबेचें पुढचें अंग सुरीसारखें बारीक दाखविण्याची चाल आहे. लेखकानेंहि प्रथम आडव्या भिंतीपाशीं रुंदी दोन इंच, म्हणजे आठ फूट, ठेवली. भोसरीच्या एका लहान कारखान्यांत पितळेच्या तोफा लेथवर उतरवून घेतल्या होत्या. बारा पौंडी तोफ आठ फूट लांबीची धरून दोन इंचांची, गाडा पाऊण इंचाहून थोडा अधिक रुंद. दोन गाडे भिंतीमागें ठेवले तों मध्यें डोलकाठीस जागाच उरेना. डोल मागें न्यावा तर पुढचें शीड मध्याशीं येतें. शिवाय तोफ उडाल्यावर गाडा मागें येणार, तो थेट डोलावर आदळणार. गाड्याच्या बाजूस उभें राहून दोर ओढणाऱ्या गोलंदाजांची गोष्ट तर सोडाच. रुंदी सव्वातीन इंच, म्हणजे तेरा फूट केली तेव्हां दोन तोफा, मध्यें डोल आणि प्रत्येक अंगास एकेक माणूस वावरेल इतकी वाट, अशी व्यवस्था बसली. म्हणजे एकवीस फुटांची गुराब भिंतीपाशीं अद्याप बारातेरा फूट रुंद असली पाहिजे आणि खरा निमुळतेपणा त्याच्या पुढें, नाळेंतच, एकदम सुरू झाला पाहिजे. असें केल्याबरोबर ती आकृति चित्रांतल्या सुरीसारखी न दिसतां खांदे रुंद व चोंच लांब अशी, खरोखरच कावळ्यासारखी दिसूं लागली. केवळ वाचनानें हें अनुमान सुचलें नसतें. पितळेच्या दोन नळ्यांनीं तें सुचविलें.

त्याच न्यायानें नाळेवरचा कठडा व घोड्याचें उंच मुखहि गेलें. झरोक्यांतून तोफेचें तोंड बाहेर येतें तें नाळेच्या तक्त्यापासून फार उंच नसतें. त्याच्या समोर कोरीव कठडा ठेवणें म्हणजे पहिल्याच बारास आपल्या हातानें आपला कठडा उडविणें होय.

पाण्याची परीक्षाहि घेतली. पवनेंत सोडण्याची हौस होती, परंतु जलपर्णीनें व्यापलेल्या पात्रांत गुराब हांकारणें आंगऱ्यांसहि साधलें नसतें. शेवटीं गच्चीवरच्या हौदांत प्रयोग केला. तळाशीं शिशाचे छर्रे घातल्यावर ती सरळ उभी राहिली. एका टोंकाकडून फळीनें लाटा केल्या तेव्हां नाळ खालीं जाऊन तक्त्यावर पाणी चढे, भिंतीपर्यंत येई आणि दोन्ही कडांनीं गळून जाई. लागलीच नाळ वर येई. मग पहिल्या, फसलेल्या जहाजाचा कठडा काढून तात्पुरता मेणानें या नाळेवर बसविला. तिसऱ्याचौथ्या लाटेस पाणी कठड्याच्या आंत सांचलें, नाळ जड झाली आणि पुढची लाट भिंतीवरून मुख्य तक्त्यावर आली. हौदांतल्या लाटा आणि समुद्रांतल्या लाटा यांचें प्रमाण एक नव्हे, छर्ऱ्यांचें वजनहि अंदाजानेंच घातलेलें. तेव्हां हा पुरावा म्हणून कोणी छातीठोकपणें मांडूं नये. ऑर्मनें दिलेलें कारण बुद्धीस पटणारें आहे, इतकेंच त्यावरून म्हणतां येईल.

मराठ्यांचें आरमार देशी कीं पोर्तुगीजांची नक्कल, हा वाद आपल्या वर्तुळांत अधूनमधून पेटतो. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं गोव्याच्या दफ्तरांतून बाहेर काढलेली माहिती प्रसिद्ध आहे : १६५९ सालीं रुई लैतांव व्हियेगश व त्याचा मुलगा यांच्या देखरेखीखालीं शिवाजी महाराजांसाठीं वीस सांगिसेल नौका बांधल्या जात होत्या, आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्या लोकांचें मन वळवून त्यांस काम सोडून जावयास लावलें. हा दाखला कित्येकांस बोंचतो, कित्येक तो गदेसारखा फिरवितात. प्रतिकृति करतांना लेखकास जें दिसलें तें असें : नाळेची कल्पना अरबी व भूमध्य समुद्रावरच्या नौकांशीं नातें सांगणारी, झरोके व तोफांची मांडणी फिरंग्यांच्या सहवासांतली, फळ्यांची जोडणी या किनाऱ्याची, लांकूड सह्याद्रीचें. कल्याणचे व्हियेगश निघून गेले तरी जहाजें बांधणें थांबलें नाहीं, ही गोष्ट दोन्ही पक्षांनीं विचारांत घ्यावी. वर आज्ञापत्राचा विवेक हा, कीं जें जहाज वाऱ्यावांचून अडून बसेल तें नको. फिरंग्यांचीं मोठीं जहाजें पाहूनहि तीं तशीं न बांधण्याचें ठरविणें हेंहि एक शिल्पच आहे, आणि तें कोणाकडून उसनें घेतलेलें नाहीं.

प्रतिकृतीचीं शिडें उघडलीं नाहींत. मेणविलेल्या सुती दोऱ्यानें परबाणांस गुंडाळून बांधलीं आहेत. फ्रान्स्वा सोल्व्हिन्स यानें बंगालकडे पाहून काढलेल्या चित्रांत ग्रॅबला तीन डोल आहेत, पण तो काळ व तो किनारा निराळा. त्यावरून दोन डोलांच्या कोंकणी गुराबेस कापड चढविणें लेखकास प्रशस्त वाटलें नाहीं. बाजूच्या तोफा प्रत्येक अंगास पांच ठेवल्या, त्या केवळ अंतर पाहून.

आतां गलबत हातीं घेतलें आहे आणि तेथें ऑर्मचेंच वर्णन आडवें येतें. मोठ्यांत मोठें गलबत ७० टनांचें, बांधणी गुराबेसारखीच, आणि वल्हीं चाळीस ते पन्नास, असें तो सांगतो. गुराबेचेंच साडेतीनपट प्रमाण धरलें तर ७० टनांस लांबी अवघी ५८ फूट येते. एका अंगास वीस वल्हीं म्हटलीं व दोन वल्ह्यांत तीन फुटांचें अंतर ठेवलें तरी ६० फूट नुसत्या वल्ह्यांसच लागतात. नाळ व सुकाणूची जागा कोठून आणावी? लांबी रुंदीच्या पांचपट घेतली तर रुंदी १४.४ व लांबी ७२ फूट होऊन वीस वल्हीं सुखानें बसतात, पण मग बांधणी गुराबेसारखी राहत नाहीं. पॅटर्नवाल्या गृहस्थांचें मत असें कीं, ऑर्मनें सारखेपणा म्हटला तो नाळेचा, अंगाचा नव्हे. त्याप्रमाणें पांचपटीच्या रेखा काढावयास घेतल्या आहेत. हेदाच्या फळ्या चिरून ठेवल्या आहेत. या खेपेस दोघांच्याहि टेबलावर पट्टी एकच आहे.